धरणाचं गेट अडकलेलंच आहे

रविवार, २२ डिसेंबर
प्राजू, लिहायला फार उशीर झाला, रागावू नको. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. अकरा दिवस वही बंद. आपल्या सिरियलचा भाग मात्र एकही सोडला नाही. डॉक्टरनं टीव्ही बघू नका म्हणून बजावलं होतं. मी उजव्या डोळ्यानं बघितला. तुझ्या आईला माहीत नाही.

अकरा दिवसांचं एकदम आठवून लिहितोय. मागंपुढं होईल.

'पोलादी पंख', भा. ८४ ते ९१. त्यातल्या खलनायकानं, काळ्या डॉक्टरनं, धरणाचं मधलं गेट अडकवलं. पाणी चढायला लागलं. मेघना पंख लावून निघाली. चांगली वेगात चालली होती, तर वाटेत कॉलेजच्या कट्ट्यावर तिला तो निळ्या गाडीवाला दिसला. दुसऱ्या पोरीबरोबर सरबत पीत होता. मेघना खाली उतरली. उतरली ती उतरलीच.
८६ मध्ये ती रडली. ८७ मध्ये तिची मैत्रीण रडली, का ते कळलं नाही. ८८ मध्ये सगळं मागचंच पुन्हा दाखवलं, ती आणि तो ढगांतून पळतात ते. ८९ ला ती गच्चीवर जाऊन उडायला बघते तर पंख उघडेनात. ९०-९१ नीट आठवत नाही. पण धरण दाखवलं नाही, एवढं नक्की.

अठ्ठावीस वर्षं मी कालव्यावर पाटकरी होतो. गेट अडकलं की आधी माणूस गेटवर जातो. रडायचं ते घरी येऊन.

सोमवार, २३ डिसेंबर
भा. ९२. मेघनाच्या मागं असलेल्या दोन्ही पोरांत माझा घोटाळा होतोय. दोघांचे केस सारखेच कापलेले. म्हणून आता इथं निगा म्हणजे निळ्या गाडीवाला आणि बा म्हणजे कानात बाळीवाला, असं लिहीन. आज बा मेघनाला म्हणाला, "तू मला कधी ओळखलंच नाहीस." आता तीन वर्षं एका वर्गात आहेत म्हणे. मग ओळख नाही कशी?
मी तुझ्या आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आबा, त्याला प्रेम म्हणतेत."
"ते कळलं. पण गेटाचं काय?"
"गेटाला कोन विचारतंय!"

गुरुवार, २६ डिसेंबर
देव खंडोबा यंदाही ठरल्याप्रमाणे इथलं देऊळ सोडून नळदुर्गला गेला. दोन्ही गावच्या मानकऱ्यांनी बसून करार लिहिला, सगळ्यांसमोर वाचला, मग पालखी हलली. देव इकडून तिकडं जायचा तर लिहिल्याशिवाय जात नाही. खंडोबाच्या देवळापुढून गेलो तर कसं मोकळं मोकळं वाटलं. हात जोडले, पण कुणाला जोडले कळेना.

त्यावरून आपला करार आठवला, हॉस्टेलवर टीव्ही नाही म्हणून केलेला. जूनमध्ये तू लातूरला हॉस्टेलवर निघालीस त्या दिवशी तूच वहीच्या मागच्या पानावर लिहिलास, अगदी देवाचा लिहितात त्या थाटात. पुन्हा काढून वाचला.
१) आबांनी एकही भाग चुकवू नये.
२) जे दिसलं तेच लिहावं, आपली काळजी त्यात मिसळू नये.
३) रविवारच्या फोनवर फक्त ख्यालीखुशाली बोलावी, बाकी काही विचारू नये. सुट्टीत वही वाचून प्राजू सगळं सांगेल.
खाली तुझी सही, माझी सही. साक्षीदार म्हणून रज्जाक टेलरची.

दुसरं कलम मी रोज मोडतो. काय करू, मिसळतंच.

भा. ९५. मेघनाची ताकद निगामुळं गेली, असं आज तिच्या गुरूनं सांगितलं. "मन कुणात अडकलं की पंख जड होतात." हे खरं असतं का? मागच्या रविवारी तू फोनवर नुसतं "बरंय, बरंय" म्हणालीस. फिजिक्सच्या परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून तुझ्या आईनं सांगितलं. दहावीला तुला तसले मार्क कधी पडले नव्हते.
मला झोप नीट लागत नाही. डोळ्याच्या थेंबांमुळंही असेल.

शुक्रवार, २७ डिसेंबर
भा. ९६. मेघनानं परीक्षेचा पेपर कोरा दिला. पेपरावर निगाचं नाव लिहिलं आणि खोडलं.
लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन: आपल्या घरातली एक पोर लातूरला आहे.

रविवार, २९ डिसेंबर
आज माझ्या हातून चूक झाली. जशी झाली तशी लिहितो.

चार वाजता हॉस्टेलचा फोन आला. तिथल्या मॅडमचा मोबाइल, स्पीकर लावलेला, मागं पोरींची रांग. एकेकीला पाच मिनिटं. तुझा बाप दत्ता शेतात होता. आधी तुझी आई बोलली. मग माझ्या हातात फोन दिला आणि ती दूध उतू जातंय म्हणून आत गेली. तू म्हणालीस, "आबा, डोळा कसाय?"
मी म्हणालो, "डोळ्याचं राहू दे. प्राजू, खरं सांग. तुझं मन कुठं अडकलंय का? कुणी पोरगा-बिरगा हाय का? त्याच्यापायी मार्क गेले का?"
मला कमी ऐकू येतं म्हणून मी मोठ्यानं बोलतो. मागं पोरी हसल्या. मॅडमचा आवाज आला, "आजोबा, काय म्हणालात?"
मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. म्हणून मी पुन्हा सगळं सांगितलं. आणखी मोठ्यानं.
फोन बंद झाला. पाच मिनिटं झाली नव्हती.

सोमवार, ३० डिसेंबर
मॅडमनं दत्ताला फोन केला. म्हणे घरातूनच अशी शंका आहे तर आम्हाला लक्ष ठेवावं लागेल. पोरीची बॅग बघितली, कपाट बघितलं, वह्या बघितल्या. काही निघालं नाही. पण विचारलं तर पोरगी एक शब्द बोलत नाही.
दत्तानं ताट सरकवलं. म्हणाला, "जून महिन्यापासनं पोटाला चिमटा घेऊन पाठवलंय. आता हे."
मी म्हणालो, "काही निघालं न्हाय ना?"
"बोलत न्हाय म्हंजे काय, आबा? ज्याच्या मनात काही नसतं ते बोलतंय."
भा. ९७ बघितला. काय होतं आठवत नाही. मेघना खिडकीत बसली होती एवढं आठवतं. तीही बोलत नव्हती.

बुधवार, १ जानेवारी
सकाळी दत्ता पिकअपला पाणी मारत होता. मी जाऊन उभा राहिलो. दोन दिवस पाठ केलं होतं ते सगळं सांगितलं. म्हणालो, दत्ता, त्या पोरीनं मला काही सांगितलेलं नाही, मी काही ऐकलेलं नाही. ते सगळं सिरियलमधनं माझ्या डोक्यात आलं. त्यात एक मेघना आहे, तिचे पंख...
दत्ता ऐकत होता. मग म्हणाला, "आबा, तुमचं वय किती?"
"चौऱ्याहत्तर."
"चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस सिरियल बघून नातीला असलं विचारतो? तुम्हाला काहीतरी कळलंय. आता तिला वाचवायला सिरियलवर ढकलायलाव."
"देवाशप्पथ, दत्ता."
"देव नळदुर्गला हाय," म्हणाला, आणि बादली उचलून गेला.

खरं सांगितलं तर खोटं वाटतंय. मग खोटं काय सांगितलं असतं तर खरं वाटलं असतं? हेही सुचत नाही.

शुक्रवार, ३ जानेवारी
टाके घालायला दिलेलं जाकीट आणायला रज्जाककडं गेलो. तोही 'पोलादी पंख' बघतो, मशीन चालवता चालवता. त्याला सगळं सांगितलं. त्यानं पायडल थांबवलं. तोंडात सुई होती ती काढली.
"आबा, तुम्ही रोज येऊन काय वरडता? सगळे त्या मेघनाला पोराचं विचारतेत, गेटाचं कुनीच विचारत न्हाय."
"व्हय."
"मग तुम्ही बी तेच केलं की! पोरीला फिजिक्सचं काय अडलंय ते विचारायचं सोडून पोराचं विचारलं."
तो पुन्हा म्हणाला, "अन् ते बी स्पीकरवर. या अल्ला!" आणि हसायला लागला. मग माझं तोंड बघून थांबला आणि चहा सांगितला. चहा प्यालो नाही. जाकीट तिथंच राहिलं.

भा. १०१. शंभरावा भाग काल होता, मोठा दाखवणार म्हणून आठवडाभर जाहिरात चालली होती. त्यात मेघनाचा वाढदिवस दाखवला. निगा आणि बा दोघंही केक घेऊन आले. अर्धा भाग केकवर. पाणी कुठंवर आलं असेल? आमच्या इथं एवढ्या दिवसांत खालची चार गावं हलवली असती.

रविवार, ५ जानेवारी
आज महिन्याचा पहिला रविवार, हॉस्टेलवर भेटीचा दिवस. दत्ता आणि तुझी आई पिकअप घेऊन पहाटेच गेले. मीही तयार होऊन बसलो होतो, टोपी घालून. दत्ता म्हणाला, "तुम्ही ऱ्हावा." राहिलो.

संध्याकाळी आले. दत्ता सरळ गोठ्याकडं गेला. तुझ्या आईनं सांगितलं ते असं:
बाहेर बाकड्यावर बसले होते. शेंगदाण्याचे लाडू दिले. तू घेतलेस. दत्तानं विचारलं, "हाय का न्हाय, एवढंच सांग." तू म्हणालीस, "हाय म्हणा की न्हाय म्हणा, तुमचं तुम्ही ठरवूनच आलाव." एवढं बोलून तू उठून आत गेलीस. लाडवाचा डबा बाकड्यावरच राहिला.
वाटेत नळदुर्गला दत्तानं चहाला गाडी थांबवली. मग म्हणाला, "आणू घरी. इथं कॉलेज हाय की."

तू फोनवर माझ्या डोळ्याचं विचारलं होतंस. मी उत्तरही दिलं नाही. डोळा बरा आहे.

मंगळवार, ७ जानेवारी
दुपारी तुझी आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी पण बसलो. सोलता सोलता म्हणाली, "माझी दहावी अशीच सुटली, आबा."
मला माहीत नव्हतं. सून म्हणून येऊन वीस वर्षं झाली.
लोहाऱ्याच्या शाळेत होती. चुलत्याला कुणीतरी सांगितलं, पोरगी बसस्टँडवर कुणाशी बोलत होती. ती आत्याला बसमध्ये बसवायला गेली होती. पण विचारपूस सुरू झाली, कोण होता, काय बोलली. हिनं रागानं तोंड मिटून घेतलं. महिन्याभरात शाळा बंद, वर्षात लग्न.
मी म्हणालो, "खरं काय ते सांगायचं होतं."
"काय सांगायचं? सगळे एकच विचारत होते. कोन होता, कोन होता. शाळेत जायचंय का म्हणून कुनी विचारलंच न्हाय. विचारलं असतं तर बोलले असते."
शेंगा सोलून झाल्या. टोपली उचलताना म्हणाली, "तुमच्या ल्योकाला यातलं सांगू नका. त्यांना वाटंल, मी हितं नाखूश हाय."
मी विचारलं, "हायस का?"
म्हणाली, "बघा, तुम्ही विचारलं," आणि हसून आत गेली. उत्तर दिलं की नाही, अजून कळलं नाही.

शुक्रवार, १० जानेवारी
भा. १०६. अर्धाच बघितला. गुरू, मैत्रीण, आई, दोन्ही पोरं सगळे मेघनाच्या भोवती उभे राहून विचारत होते, तुझ्या मनात कोण आहे. ती एकाचं नाव घेणार एवढ्यात भाग संपवला म्हणे. मी त्याआधीच बंद केला. कलम पहिलं मोडलं.
आता तिन्ही मोडली.

रविवार, १२ जानेवारी
चार ते पाच फोनपाशी बसलो. तुझी आई बसली. दत्ताही बसला, पेपर वाचल्यासारखं करत. फोन आला नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी दत्तानं स्वतः लावला. मॅडम म्हणाल्या, "मुलगी रांगेत आलीच नाही. बोलावलं तर डोकं दुखतंय म्हणाली."
दत्ता उठला. "गुरुवारी जाऊन सामान घेऊन येतो. गादी, पेटी सगळं पिकअपमध्ये मावतंय."
मी म्हणालो, "दत्ता, आधी तिला विचार."
"पंधरा दिवस तेच करतोय न्हवं?"
"ते नव्हं. तिथं राहायचंय का, ते विचार. पोराचं नको विचारू. शिकायचंय का ते विचार."
तो माझ्याकडं वळला. म्हणाला, "आबा, तुम्हीच सुरू केलंय हे."
"म्हणून तर सांगायलोय."
त्यानं पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "गुरुवारच्या आत तिनं सांगितलं तर बघू. माझ्यासमोर न्हाय तर न्हाय, कसं बी सांगू दे. पर तिनं सांगितलं पायजे. तुम्ही न्हाय."
तुझी आई दारात उभी होती. तिनं मान हलवली, होय म्हणून की काय म्हणून, कळलं नाही. पण हलवली.

सोमवार, १३ जानेवारी
पौष पौर्णिमा. अर्धं गाव नळदुर्गच्या यात्रेला गेलं आहे. दत्ताही गेला. मी गेलो नाही, ही वही पूर्ण करायची होती.

ही मी सुट्टीपर्यंत ठेवणार नाही. उद्या रज्जाक कापड आणायला लातूरला चाललाय. त्याच्याजवळ वही आणि तुझ्या आईनं केलेल्या धपाट्यांचा डबा देतोय. आत सोडणार नाहीत, दारावर देऊन तो समोरच्या चहाच्या टपरीवर तासभर थांबणार आहे. सहीचा साक्षीदार आहे, थांबतो म्हणाला.

प्राजू, मी चुकलो. सगळ्या पोरींसमोर तुला खाली बघायला लावलं. बॅग उचकायला लावली. मी म्हातारा झालो, घाबरतो, आणि घाबरलो की समोर जे चाललंय तेच खरं वाटायला लागतं. तुझ्या वडलांनाही मीच घाबरवलं. तो वाईट नाही, तुला माहीत आहे.

तुझ्या मनात कुणी आहे की नाही, हे मला कळलं नाही आणि आता कळायलाही नको. असलं तरी तुझं, नसलं तरी तुझं. तुझ्या वडलांनाही मी ते विचारू देणार नाही, जमेल तेवढं.

तू बोलत नाहीस ते रागानं, की लाजेनं, की फिजिक्स खरंच झेपत नाही आणि घरी यायचंच आहे पण सांगता येत नाही, मला यातलं एकही ओळखता येत नाही. रोज एकेक खरं वाटतं. सकाळी एक, दुपारी दुसरं. यायचं असेल तरी ये, कुणी काही म्हणणार नाही. पण तुझं तू ये. पिकअपमध्ये घालून आणलेली नको.

म्हणून एवढंच विचारतो, पहिल्यांदाच विचारतो: तिथं राहायचं आहे का?

या पानाच्या खाली जागा सोडली आहे. होय किंवा नाही लिही, पान फाड आणि रज्जाकजवळ दे. त्याच्यापुढं लिहायला नको वाटलं तर मॅडमच्या फोनवरून तुझ्या आईला दोन शब्द सांग. मी फोनच्या जवळसुद्धा बसणार नाही, गोठ्यात जाऊन बसेन. पण बुधवारपर्यंत कळव. गुरुवारी सकाळी सहाला दत्ता गाडी काढणार आहे.

लवकर कळव, पोरी. उशीर करू नको.